गावाचा आरसा कोणाच्या हाती?
तमाशा, जलसा आणि तालपुटाचा प्रश्न

लोकनाट्य हे समाजजीवनाचे प्रतिबिंब असते, हे विधान विद्यापीठीय ग्रंथांतून, शासकीय महोत्सवांच्या स्मरणिकांतून आणि शालेय पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा छापले गेले आहे की, ते एकदा तपासून पाहावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. दशावतार असो, खडी गंमत असो, दंडार असो की तमाशा असो, प्रत्येकाच्या प्रास्ताविकात हे वाक्य येतेच. या वाक्यातील 'समाज' म्हणजे नेमका कोण, हे मात्र सांगितले जात नाही. गावाला वेस होती, वेशीच्या आत एक वस्ती होती आणि बाहेर दुसरी. तमाशा पाहणारे प्रामुख्याने आतले होते. तो करणारे प्रामुख्याने बाहेरचे. आरसा धरणारा एक आणि त्यात आपले रूप न्याहाळणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. आरसा धरणाऱ्याचा चेहरा त्या आरशात दिसला काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तमाशाच्या कलागुणांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे खरेही आहे. ढोलकीची थाप, हलगी-कड्याचा कडकडाट, तुणतुण्याची अखंड साथ आणि झीलकऱ्यांनी उचललेला सूर यांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. आपण तपासावयाचे ते त्या सामर्थ्याचे स्वामित्व. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे मराठी वाङ्मयेतिहासात मानाने येतात आणि ती यावीतच. परंतु या कवींची लावणी ज्यांच्या गळ्यातून व ज्यांच्या पायांतून गावोगाव पोहोचली, त्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. ते वाक्यही जातीचा उल्लेख करून थांबते. जातीचा अर्थ सांगत नाही.

तमाशाची परंपरागत मांडणी गण, गौळण, बतावणी आणि वग अशी आहे. लावणी या सर्वांतून वाहते. गणात गणपतीला रंगभूमीवर येण्याचे आवाहन केले जाते. येथेच पहिली विसंगती उभी राहते. जत्रेत तमाशाचा फड देवासमोर हजेरी देतो. पण ज्या देवाला कलावंत रंगमंचावर बोलावतो, त्याच्या गाभाऱ्यात शिरण्याची त्याला मुभा नव्हती. त्याचे आवाहन चालत असे, त्याचा प्रवेश चालत नसे. ही विसंगती तमाशाच्या कोणत्याही जुन्या गणात बोलून दाखविलेली नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. जो प्रश्न विचारल्यास सुपारी जाते, तो प्रश्न गाण्यात येत नसतो.

गौळण हा भाग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गौळणी, त्यांच्या सोबतीला मावशी, वाटेत आडवे येणारे कृष्ण आणि पेंद्या, दाणाची मागणी, नकार, हुज्जत, विनवणी असा हा ठरलेला प्रसंग. अभ्यासक त्याला भक्ती आणि शृंगार यांचा संगम म्हणतात. मावशीच्या तोंडच्या कोट्यांनी तो अत्यंत हसरा झालेला आहे, हे खरे. परंतु प्रसंगाची हाडे उघडी करून पाहिली तर काय दिसते? कष्टाचा माल घेऊन बाजारी जाणाऱ्या स्त्रियांची वाट एक पुरुष अडवतो, जाण्याच्या हक्कासाठी मोल मागतो, आणि ते मोल पैशातच असावे असा त्याचा आग्रह नसतो. प्रेक्षक हसतो, कारण अडविणारा देव आहे. गावाच्या व्यवहारात वाट कोण अडवू शकत होता आणि कोणाची वाट अडविली जात होती, हे सांगण्याची गरज नाही. गौळण म्हणजे गावगाड्याचे प्रतिबिंबच आहे, पण लीलेच्या पडद्याआडून दाखविलेले. आणि ज्या फडांत राधेची भूमिका खरोखरच गावकुसाबाहेरील स्त्री करी, तेथे तो पडदा फारच विरळ होता. प्रेक्षकाला समोर राधा दिसत होती की जिच्यावर दौलतजादा उधळता येतो अशी बाई दिसत होती, हे दौलतजादाची प्रथाच सांगते.

बतावणीची गोष्ट वेगळी आहे आणि आंबेडकरी समीक्षेने तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे. बतावणीत सोंगाड्या बोलतो. तो पाटलाची, कुळकर्ण्याची, भटाची, सावकाराची फिरकी घेतो. सरदाराने गंभीरपणे मांडलेले वाक्य शब्दशः उचलून त्याचा अनर्थ करतो आणि त्या अनर्थातून खरा अर्थ बाहेर काढतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने तर्काची ही हत्यारे घडवावीत, हे सामान्य नव्हे. ज्या समाजाला गावच्या चावडीवर तोंड उघडण्याची सोय नव्हती, त्या समाजातील माणूस रात्रीच्या चार घटका साऱ्या गावाला आपले बोलणे ऐकावयास लावी. या अर्थाने बतावणी हा तमाशातील सर्वांत स्वतंत्र भाग होय.

मात्र हे स्वातंत्र्य उधारीचे होते. रात्री पाटलाची टिंगल करणारा माणूस सकाळी त्याच पाटलाच्या दारी बलुत्यासाठी उभा राहणार, हे दोघांनाही ठाऊक होते. पाटील हसत होता याचे कारण त्याला बदलाची भीती वाटत नव्हती. वर्षातून एकदा मिळणारी बोलण्याची परवानगी उरलेल्या वर्षाची मुकाट्याने वागण्याची अट पक्की करते. सोंगाड्याच्या विनोदाला 'विद्रोह' म्हणून गौरविणारे काही अभ्यासक ही अट विसरतात. तर त्याला निव्वळ लाचारी म्हणून झिडकारणारे आपल्यातील काही लोक त्या विनोदातील बुद्धी विसरतात.

वगात तर गावकुसाबाहेरची वस्ती जवळजवळ नाहीच. उमा बाबाजी सावळजकर या मांग समाजातील शाहिराचा 'मोहना बटाव' हा पहिला वग मानला जातो आणि त्याचे साल १८६५ असे सांगितले जाते. म्हणजे वगाचा आरंभच एका अस्पृश्य रचनाकाराच्या नावाने होतो. परंतु पुढे वगाची सृष्टी राजे, राण्या, प्रधान, बटाव आणि कोतवाल यांनी भरून गेली. कलावंत रात्रभर राजवाड्यात वावरले; त्यांची स्वतःची झोपडी, येसकराची काठी, मेलेले जनावर ओढण्याची सक्ती, पाणवठ्यावरचा पहारा यांपैकी काहीही रंगमंचावर आले नाही. त्रिंबक नारायण अत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात महारांची जी कामे नोंदविलेली आहेत, ती एका सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेने का होईना नोंदविली गेली आहेत. वगात तेवढीही जागा त्यांना नाही. समाजजीवनाचे प्रतिबिंब म्हणावे, तर ते पाहणाऱ्याच्या इच्छेचे प्रतिबिंब होते.

या इच्छेची किंमत स्त्री-कलावंतांनी सर्वांत अधिक मोजली. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून ओळखली जाते. ती महार समाजातील होती. तिच्याबरोबर ज्यांचे नाव जोडले जाते ते पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण असून त्यांनी जात टाकली, तमाशात आले, याचे कौतुक मराठी वाङ्मयात विपुल आहे. त्याग हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला आहे. पवळेने काय टाकले, तिला काय टाकता आले असते, हा प्रश्न त्या कौतुकात येत नाही. टाकण्यासारखी जात फक्त एकाच्याच पदरी होती. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही, कारण तो पैसा आपल्याच भगिनींना नाचवून मिळविलेला होता, अशी हकीकत चळवळीत वर्षानुवर्षे सांगितली जाते. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशा, अस्पृश्यता आणि स्त्रीची मानवी प्रतिष्ठा यांची जी चर्चा केली आहे, तिच्यातही या हकीकतीला महत्त्वाचे स्थान आहे. त्याआधी १९९० च्या दशकात शर्मिला रेगे यांनी लावणी-कलावंतांच्या श्रमाकडे आणि जातीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. आपल्याकडील लोकसाहित्याच्या अभ्यासाने या दोघींची दखल घेण्यास बराच वेळ लावला.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी एक आठवण सर्वत्र सांगितली जाते : खेळ चालू असताना त्या पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून ही कथा व्याख्यानांतून ऐकविली जाते आणि श्रोते टाळ्या वाजवितात. आमच्या मते ही कथा कलानिष्ठेची कमी आणि रोजगाराची अधिक आहे. ज्या व्यवसायात बाळंतिणीला एका रात्रीची रजा मिळत नाही, त्या व्यवसायाचे ते वर्णन आहे. विठाबाईंना राष्ट्रपतींकडून गौरव लाभला आणि २००२ साली त्यांच्या निधनानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कारही सुरू केला. पुरस्काराने त्या कथेचे स्वरूप बदलत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली आणि सुधारणेसाठी समिती नेमली, तेव्हाही अश्लीलता शोधली गेली ती कलावंताच्या शब्दांत. पाहणाऱ्याच्या नजरेत ती कोणी शोधली नाही.

येथे बौद्ध वाङ्मयातील एका प्रसंगाचा विचार करणे उचित ठरेल. संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात तालपुट नावाच्या नटांच्या प्रमुखाची कथा येते. तो राजगृहाच्या वेळुवनात तथागतांकडे येतो आणि विचारतो की, जो नट रंगमंचावर खऱ्या-खोट्याने लोकांना हसवितो आणि रमवितो, तो मृत्यूनंतर हसणाऱ्या देवांच्या संगतीत जन्मतो, असे आमच्या परंपरेतील जुने आचार्य सांगत आले. आपले यावर काय म्हणणे आहे? तथागत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते सांगतात की, लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले असतात. नट तेच बंध अधिक घट्ट करणाऱ्या गोष्टी त्यांच्यासमोर मांडतो. स्वतः धुंद होऊन इतरांनाही धुंद करणाऱ्याची गती देवलोकाची नव्हे. हे ऐकून तालपुट रडू लागतो. त्याचे कारण तो स्वतःच सांगतो : तथागतांच्या उत्तराने त्याला रडू आलेले नाही, आपल्या पूर्वीच्या नटाचार्यांनी आपल्याला इतका दीर्घकाळ फसविले, याचे ते रडू आहे.

या सुत्ताचा आधार घेऊन सर्वच नाट्यकलेचा निषेध करणारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. नृत्य, गीत, वादन आणि खेळतमाशे यांपासून दूर राहण्याचा नियम उपोसथाच्या अष्टशीलात व श्रामणेरांच्या दशशीलात आहे; उपासकाच्या पंचशीलात तो नाही. दीघनिकायाच्या सक्कपञ्हसुत्तात पंचशिख गंधर्व वीणा वाजवून गातो, तेव्हा तथागत त्याच्या तंतुनादाचा आणि गीताचा मेळ चांगला बसला, असे म्हणतात. सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात समाजोत्सवांत पुष्कळ दोष दिसतात असे नोंदवून त्यांना बंदी केली. पण लगेच काही समाजोत्सव चांगले मानले जातात, अशीही नोंद केली. अश्वघोषाने तर सारिपुत्राच्या प्रव्रज्येवर नऊ अंकी प्रकरण लिहिले. त्याची तुटक हस्तलिखित पाने मध्य आशियातील तुर्फान परिसरात सापडली आणि १९११ साली हाइनरिश ल्यूडर्स यांनी ती प्रसिद्ध केली. रंगभूमीला बौद्ध परंपरेने पाठ दाखविली, असे म्हणता येणार नाही. तिने एक कसोटी दिली : या खेळाने पाहणाऱ्याचे बंध सैल होतात की घट्ट होतात?

तालपुटाच्या कथेतील फसवणुकीचा मुद्दा आपल्याला विशेष जवळचा आहे. कलावंताला स्वर्ग मिळतो, असे सांगणारे आचार्य प्रत्येक काळात असतात. आपल्या काळात ते त्याला 'लोककलेचा वारसदार', 'परंपरेचा पाईक' म्हणतात आणि त्याच्या मुलांनी तीच ढोलकी गळ्यात अडकवावी, अशी अपेक्षा धरतात. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत देवदासी, जोगतिणी, पोतराज, वाघ्या-मुरळी यांना एकत्र बोलावून तो जीवनक्रम सोडण्याचे आवाहन केले. ते आवाहन कलेच्या विरोधात नव्हते; फसवणुकीच्या विरोधात होते.

या पार्श्वभूमीवर जलशाचा विचार करावा लागतो. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. त्या नाटकातील विदूषक मधूनमधून पुढे येऊन जे घडते आहे त्याचा अर्थ प्रेक्षकाला उघड करून सांगतो. सोंगाड्याची बुद्धी येथे प्रथमच उधारीतून मुक्त झालेली दिसते, असे म्हटल्यास चूक होणार नाही. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेतून पुढे जे जलसे उभे राहिले, त्यांनी तमाशाचाच साचा घेतला. गणातील गणपतीचा अर्थ त्यांनी लोकांच्या गणाचा प्रमुख असा लावला आणि पुरोहिताच्या देवाला बाजूला सारले. ओतूरच्या भीमराव महामुनी यांचे नाव या प्रारंभीच्या जलशांच्या संदर्भात घेतले जाते.

आंबेडकरी जलसा या परंपरेचा वारस होय, परंतु त्याचे वेगळेपण मोठे आहे. सत्यशोधक जलसा शेतकऱ्याला भटशाहीपासून सावध करीत होता. आंबेडकरी जलसा अस्पृश्याला स्वतःकडे पाहावयास शिकवीत होता. महाडचा संग्राम १९२७ चा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. या दशकभरात जी माणसे सभेला येऊ शकत नव्हती, ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळ नेण्याचे काम जलशांनी केले. नाशिक भागातील भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रणी. आपली अनेक भाषणे आणि एक जलसा बरोबरीचे, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांच्या नावावर सांगितले जातात. अशा उद्गारांचा आधार घेऊन जलशाचे महत्त्व सिद्ध करण्याची खरे तर आवश्यकता नाही. ते जलशाच्या रचनेतच आहे.

कारण जलशाने तमाशाचा आरसा फिरविला. गणातून गणपती गेला. पुढे १९५६ साली धम्मदीक्षेच्या प्रसंगी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या तीन प्रतिज्ञांनी ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना नाकारले. म्हणजे तमाशाच्या गणाचा आणि गौळणीचा आधारच नाहीसा झाला. परंतु जलशाच्या बोर्डावर ही उलथापालथ त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. गौळणीतील वाट अडविण्याच्या लीलेला तेथे जागा उरली नाही. बतावणी मात्र राहिली. एवढेच नव्हे, तीच जलशाचा कणा बनली. एक पात्र जुन्या रूढीची बाजू घेई : मृतमांस का सोडावे, पोराला शाळेत का घालावे, वतन का सोडावे, देवाला बकरे का देऊ नये? दुसरे पात्र उत्तर देई. प्रेक्षक ज्या प्रश्नांनी घरी अस्वस्थ होता, तेच प्रश्न त्याच्याच बोलीत त्याच्यासमोर मांडले जात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले, तेव्हा त्यातील कायद्याची भाषा महारवाड्याला कळणे कठीण होते. पण वतन म्हणजे काय, चतकोर भाकरीसाठी चोवीस तासांची गुलामी कशी, हे बतावणीच्या दहा मिनिटांत कळू शकत होते. ती कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यासाठी पुढे १९५८ साल उजाडावे लागले.

वगाचेही तसेच झाले. राजवाडा गेला आणि महारवाडा आला. प्रथमच आरसा धरणाऱ्याचा चेहरा आरशात दिसला, आणि तो पाहणाराही तोच होता. तमाशात प्रेक्षक वेशीच्या आतला होता. जलशात तो समोर जमिनीवर बसलेला आपलाच भाऊबंद होता. सुपारी देणारा बदलला की कलेचा आशय बदलतो, ही साधी गोष्ट लोकनाट्याच्या अनेक अभ्यासकांच्या ध्यानात येत नाही. तालपुटाच्या कसोटीवर पाहावे तर मोह घट्ट करणारी रचना येथे मोह सैल करण्यासाठी वापरली गेली. आणि ही रचना तमाशातून आलेली आहे, हे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्या सोंगाड्याला आपण मागे टाकले, त्याच्याच जिभेने आपण बोलू लागलो.

जलशाची एक मोठी उणीव सांगितलीच पाहिजे. जलशाच्या बोर्डावर स्त्री नव्हती. स्त्रीपात्रे बहुधा पुरुषच करीत. तमाशातील स्त्रीची झालेली विटंबना पाहता ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की, बतावणीतील दोन्ही बाजू पुरुषांच्याच तोंडी राहिल्या. स्त्रीने दारूबद्दल, हुंड्याबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल स्वतः उभे राहून प्रश्न विचारावा, ही सोय तेथे झाली नाही. आणि हे अशा काळात, जेव्हा जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषद भरत होती आणि स्त्रिया व्यासपीठावरून ठराव मांडीत होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथातील स्त्रियांच्या मुलाखती वाचल्या की, बोलणाऱ्या स्त्रियांची उणीव नव्हती, हे कळते. स्त्रियांनी आपली रचना दुसरीकडे केली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या दळताना रचलेल्या आहेत. त्यांना बोर्ड मिळाला नाही. ज्या तमाशातील भगिनींच्या अपमानामुळे आपण तो पैसा नाकारला, त्या भगिनींसाठी जलशाने दुसरी जागा निर्माण केली नाही, ही गोष्ट मान्य करण्याचे धैर्य आपल्या समीक्षेने दाखवावे.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांनी जत्रेत वाजविणे, लग्नाच्या वरातीपुढे चालणे सोडले. ते सोडणे योग्यच होते आणि त्याची शिक्षा म्हणून अनेक ठिकाणी बहिष्कारही सोसावा लागला. परंतु आपण खाली ठेवलेले काम काही गावांत मातंगांच्या माथी मारले गेले आणि त्यातून दोन वस्त्यांत जे अंतर पडले, ते आजही भरून निघालेले नाही. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. त्याच अण्णा भाऊंनी १९४४ पासून अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात तमाशाचा गण आणि वग बदलून टाकले होते. त्यांच्या लोकनाट्याचा आणि आंबेडकरी जलशाचा एकत्रित अभ्यास व्हावयास हवा होता. दोन्ही बाजूंच्या पक्षीय सावधगिरीने तो रखडला.

१९५६ नंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारखा प्रतिभावंत गीतकार या काळाने दिला. विठ्ठल उमप यांचे नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या वेळीच निधन झाले. या गायकांनी आपल्या समाजाला जे दिले त्याची मोजदाद करता येणार नाही. परंतु गीत आणि जलसा यांत फरक आहे. गीतात एकच आवाज असतो आणि तो बहुतेक वेळा वंदन करतो. जलशात दोन आवाज असत आणि त्यांतील एक आपल्याच चुकीच्या बाजूने बोलत असे. आज एप्रिल महिन्यात आपल्या वस्त्यांतून ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. त्यांतून बाबासाहेबांचे नाव अहोरात्र घुमते. पण त्या आवाजाला कोणी मधेच थांबवून 'म्हणजे काय?' असे विचारू शकत नाही. सोंगाड्याचे काम नेमके तेच होते.

तालपुटाची गोष्ट त्याच्या रडण्याशी संपत नाही. तो भिक्खू झाला, अर्हत झाला आणि थेरगाथेत त्याच्या नावे पन्नासाहून अधिक गाथा आहेत. त्या गाथांतील पुष्कळ भाग तो आपल्या चित्तालाच उद्देशून बोलतो : त्याला जाब विचारतो, त्याची लबाडी उघडी करतो, त्याला दटावतो. रंगमंच सोडलेल्या नटाने संवाद सोडला नाही. तो संवाद त्याने आपल्याच चित्ताकडे वळविला.

जलशाच्या अभ्यासाची साधने थोडी आहेत. भीमराव कर्डक यांचे 'आंबेडकरी जलसे' हे १९७८ चे पुस्तक, कृष्णा किरवले यांचा 'आंबेडकरी शाहिरी : एक शोध' हा प्रबंध, रुस्तुम अचलखांब यांचे तमाशाविषयक लेखन आणि काही विखुरलेल्या आठवणी, एवढ्यावरच आपण विसंबून आहोत. जलसाकारांच्या वह्यांत सापडतात ती बहुतांशी पदे. बतावणी लिहिली जात नव्हती. ती ऐनवेळी, समोरच्या गावाप्रमाणे रचली जाई. त्यामुळे छापील रूपात आपल्या हाती जलशाचा वंदनाचा भाग अधिक आला आणि प्रश्नाचा भाग विरून गेला. पुढच्या पिढीने जलसा म्हणजे गाणी असे मानले, याचे एक कारण हेही आहे. ज्यांनी लहानपणी जलसा पाहिला अशी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. आपल्या विहारांतील तरुणांनी खिशातील मोबाइलवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांना गाणी विचारण्याची फारशी गरज नाही, ती पुष्कळशी छापलेली आहेत. गाण्याच्या आधी बोर्डावर कोण काय बोलले आणि समोरून त्याला काय उत्तर आले, तेवढे विचारावे.